यान्बूच्या कंटेनरातली दुपार

मी चौथीपर्यंत शिकले. गोष्ट रचून लिहायला जेवढं डोकं लागतं तेवढं माझ्याजवळ नाही. जे झालं तेच सांगते. ज्याला पटेल त्याने वाचावं, ज्याला नाही त्याने आपल्या कामाला लागावं.

माझी नात समरीन हे भुताच्या गोष्टींचं पेज रोज वाचून दाखवते. मी तिला म्हटलं, यांची भुतं रात्रीचीच का गं फिरतात? दिवसा काय त्यांना सुट्टी असते?

आमच्यावर वेळ आली ती भर दुपारी.

सात नोव्हेंबर २०१३. गुरुवार. मोहरमचा महिना नुकताच लागला होता. जागा, सौदीतलं यान्बू. तिथली सनाईया, म्हणजे गॅरेजं आणि वर्कशॉपांची वस्ती.

ते दिवस कसे होते ते जे तिकडे होते त्यांना विचारा. सरकारने ठरवलं होतं की प्रत्येक कंपनीत अमुक इतकी सौदी माणसं हवीतच. नसतील तर ती कंपनी 'लाल'. लाल कंपनीतल्या माणसाचा इकामा, म्हणजे तिकडे राहायचा परवाना, नवा होत नसे. ज्याच्या नावावर इकामा त्याच कफीलाकडे, म्हणजे मालकाकडे, काम करायचं, आणि इकाम्यावर लिहिलंय तेच काम करायचं. कागद सुधारायला मोहलत दिली होती. ती रविवारी संपली.

सोमवारपासून धाडी.

आमचे हे, हनीफ, सव्वीस वर्षं यान्बूत वेल्डर. ह्यांचा कफील लाल झाला, म्हणून हे दुसऱ्याच्याच वर्कशॉपात काम करत होते. मुलगा झैद आठ महिन्यांपूर्वी आलेला. चांगला आयटीआय झालेला पोर, पण इकाम्यावर धंदा लिहिला होता मेंढपाळ! मी त्याला म्हणायचे, "बाबा, निदान एक तरी बकरी पाळ. कोणी विचारलं तर दाखवायला होईल."

तिसरे हुसेनमियाँ. श्रीवर्धनचे. वय साठीच्या पुढे, कागद एकही धड नाही.

आणि चौथा रफीक, म्हसळ्याचा. त्याचा इकामा चालू होता. त्यामुळे तो स्वतःला सनाईयाचा राजा समजायचा.

वर्कशॉपच्या मागे एक लोखंडी कंटेनर होता. जहाजावर असतो तसला. त्यात गॅसचे बाटले ठेवायचे. कापायला लागतो तो ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन.

धाड आली की बिनकागदाची माणसं त्या कंटेनरात जायची. रफीक बाहेरून कुलूप लावायचा. बाहेरून कुलूप दिसलं की पोलीस पुढे जातात. अशी ह्यांची अक्कल. बायकांना विचारतात कुठे?

त्याच कंटेनरात दीड वर्षापूर्वी गुरुनाथचा जीव गेला होता.

गुरुनाथ गुहागरचा. वर्कशॉपात गॅसचं सगळं तो बघायचा. बाटला आडवा टाकायचा नाही, उभा ठेवून साखळीने बांधायचा. ऑक्सिजन एका भिंतीला, ॲसिटिलीन समोरच्या. तेलकट हात लावायचा नाही. वापर नसेल तर डोक्यावर टोप चढवायचाच. एका हातात कायम साबणाच्या पाण्याचा मग, त्यात ब्रश. बाटल्याच्या मुंडीला फेस लावायचा आणि बघत बसायचा. बुडबुडा फुगला तर गॅस गळतोय.

पोरं चिडवायची, "गुरुनाथ, बाटल्यांची आंघोळ झाली का?"

तो म्हणायचा, "झाली. आता तुमचीच राहिली, वास येतोय."

माझ्या हातचं सुकटीचं कालवण त्याला फार आवडायचं. डबा परत करताना धुऊन द्यायचा. आमच्या घरच्यांनी कधी धुतला नाही.

एका सकाळी तो कंटेनरात बसलेला सापडला. भिंतीला टेकून. अंगावर ओरखडा नाही. डॉक्टरने लिहिलं, हार्ट.

आता त्या गुरुवारचं.

माझं ब्लडप्रेशर तपासायचं होतं. ह्यांच्याबरोबर दवाखान्यात जायचं म्हणून मी वर्कशॉपच्या ऑफिसात बसले होते. दुपारची, जोहरची नमाज होऊन तासभर झाला असेल. रफीक धावत आला.

"हनीफचाचा, जवाजातची गाडी, इकामा बघणारे पोलीस! कोपऱ्यावर आहे! यल्ला, आत!"

हे उठले आणि माझा हात धरला.

"मी कशाला?" मी म्हटलं. "माझा इकामा सोन्यासारखा आहे. मी नाही भीत कोणाच्या बापाला."

"तुझा इकामा माझ्या इकाम्याला टाचलेला आहे," हे म्हणाले. "मी गेलो की तुझं सोनं पितळ. चल."

आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांचं ऐकून उठले.

आम्ही चौघं आत गेलो. मी, हे, झैद, हुसेनमियाँ. मोबाईल बाहेर ट्रेमध्ये ठेवले, गॅसच्या खोलीत मोबाईल न्यायचा नाही हा नियम. माझा पर्समध्ये राहिला.

"चाची, पाच मिनिटं," रफीक म्हणाला. "गाडी गेली की उघडतो."

दार लागलं. दांडा पडला. कुलूप वाजलं.

अंधार.

नोव्हेंबर असला तरी दुपार यान्बूची होती. लोखंड तापलेलं. तव्यावर ठेवल्यासारखं वाटत होतं.

बाहेर बुटांचे आवाज आले. अरबीत कोणीतरी काही विचारलं. रफीकचा आवाज आला, मोठा, रुबाबात. मग तोच आवाज बारीक झाला. मग गाडीचं दार लागलं.

आणि मग…

काहीच नाही.

आम्ही वाट पाहिली. पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. बाहेर ग्राइंडर नाही, हातोडा नाही, माणूस खोकल्याचासुद्धा आवाज नाही. सगळी सनाईया शटर ओढून पळालेली.

"रफीक कुठे मेला?" मी म्हटलं.

हे अंधारातच म्हणाले, "झैद, रफीकच्या इकाम्यावर धंदा काय आहे रे?"

"घरचा ड्रायव्हर."

मला कळायला वेळ लागला. घरचा ड्रायव्हर वेल्डिंगच्या दुकानात उभा. त्यालाच उचलला होता.

आणि किल्ली त्याच्या खिशात.

"आरडाओरडा करा आता," मी म्हटलं. "पकडलं तर पकडलं."

आम्ही ओरडलो. दार बडवलं. झैदने लाथा मारून मारून पाय सुजवला. मी पर्समधून मोबाईल काढला तसे हे किंचाळले, "बंद कर तो!" मी बंद केला. नाहीतरी त्या लोखंडाच्या पेटीत रेंज कुठली?

बडवणं थांबलं तेव्हा तो आवाज ऐकू आला.

स्स्स्स्स्स…

बारीक. एका लयीत. आतूनच.

"गॅस," झैद म्हणाला.

ह्यांनी नाक वर करून वास घेतला. ॲसिटिलीनला लसणासारखा वास येतो, मला ठाऊक आहे, सव्वीस वर्षं ह्यांचे कपडे धुतलेत. तिथे वास नव्हता.

"ऑक्सिजन असेल," हुसेनमियाँ म्हणाले.

"मग छाती का भरून येतेय?" हे म्हणाले. आवाज बदललेला. "हा आर्गॉनसारखा आहे, वेल्डिंगचा गॅस. त्याला वास नसतो. जड असतो, खाली साठतो. खालची हवा ढकलून देतो. हुसेनमियाँ, बसू नका! उभे राहा!"

"अब्बा, आर्गॉन आत कुठे आहे?"

"नाही," हे म्हणाले. "त्या दिवसापासून मी त्याचा एकही बाटला आत ठेवू दिलेला नाही."

स्स्स्स्स्स…

झैद चाचपडत बाटल्यांपाशी गेला. एकेक हाताने तपासू लागला. "ह्याला टोप आहे. ह्यालाही. ह्यालाही आहे…"

मग तो थांबला.

"काय रे?"

"ओलं आहे."

"काय ओलं आहे?"

तो माझ्याजवळ आला आणि माझं बोट धरून आपल्या तळहातावर टेकवलं. बुळबुळीत. मी बोट नाकाशी नेलं.

साबण. ताजा फेस.

गुरुनाथ गेल्यापासून त्या वर्कशॉपात कोणी बाटल्याला साबण लावला नव्हता. आळशी सगळे.

मी आयतुल कुर्सी, कुराणातली संकटात म्हणायची आयत, म्हणायला लागले. मला ती पाठ आहे, झोपेत उठवलं तरी म्हणेन. त्या दिवशी मधेच तुटली. पुढचं आठवेना.

जीभ जड झाली होती.

हुसेनमियाँ खाली बसले. "भाभी, जरा टेकतो," म्हणाले. झैदने त्यांना उचलायला हात घातला तर मान लटकलेली. दोघांनी मिळून त्यांना दाराला उभं धरलं.

"अब्बा," भिंत चाचपत झैद म्हणाला, "इथे खाली चौकोनी पत्रा मारलाय. वरही एक आहे. इथे काय होतं?"

हे हुसेनमियाँना सावरत राहिले.

"अब्बा, काय होतं इथे?"

"जाळी होती."

"बंद कोणी केली?"

मी अंधारात ह्यांचा दंड दाबला.

झैदने लाथ घातली. एक, दोन, दहा. पत्रा हलला नाही.

"नाही तुटायचा," हे हळूच म्हणाले. "चारी बाजूंनी वेल्डिंग आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

तेव्हा पहिला टण् झाला.

टण्…

कंटेनरच्या टोकाच्या बाटल्यावर कोणीतरी नख मारल्यासारखा.

टण्…

त्याच्या शेजारचा.

बाटले मोजताना गुरुनाथ असंच करायचा. एकेकाला टिचकी मारत पुढे जायचा. सनाईयात सगळ्यांना ठाऊक होतं.

टण्… टण्…

आमच्याकडे येत होता. घाई नाही. मधूनच थांबायचा, आणि पाण्यात ब्रश ढवळल्यासारखा आवाज यायचा. चुळुक चुळुक. मग पुढचा बाटला.

झैद माझ्या बुरख्याला घट्ट धरून उभा. चोवीस वर्षांचा बाप्या, पाच वर्षांच्या पोरासारखा.

शेवटचा टण् ह्यांच्या अगदी कानाशी झाला.

तिथे बाटला नव्हता. तिथे नुसती भिंत होती.

आणि हे खाली कोसळले. बेशुद्ध नाही. गुडघ्यावर.

"मी केली बंद," हे म्हणाले. झैदला नाही. समोरच्या अंधाराला. "गुरुनाथ, मी केली. तेव्हाही अधूनमधून धाड पडायचीच. जाळीतून पाय दिसत होते माणसांचे. तुझी सुट्टी होती त्या दिवशी. बाटले बाहेर काढले, दोन्ही जाळ्या काढल्या, बाहेरून पत्रे मारले. सकाळी तुला सांगणार होतो. उशीर झाला मला यायला. तू आधीच…"

हे रडायला लागले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. ह्यांच्या घरची मयतं झाली, धंदे बुडाले, मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

आता तुम्हीही समजला असाल. रात्रभर एक आर्गॉनचा बाटला आत गळत होता. गुरुनाथ आपल्या जाळ्यांच्या भरवशावर आत शिरला. खाली वाकला. उठलाच नाही. जाळ्या त्याने स्वतः कापून घेतल्या होत्या. वरची हलक्या गॅसला, खालची जड गॅसला.

"अब्बा… तुम्ही?" झैद एवढंच म्हणाला.

मला वाटलं, झालं. कबूल केलं, आता सुटू.

स्स्स्स्स्स…

आवाज वाढला.

मग टण् झाला. माझ्या उजव्या कानाशी.

सांगते. ऐका. मी कधी कोणासमोर मान खाली घातली नाही. सासूला जाब विचारला, जमातीच्या बैठकीत बोलले. मला वाटत होतं, ह्या सगळ्यात माझा काय संबंध? वेल्डिंग मी मारलं का?

टण्…

पुन्हा. त्याच जागी. आणि गालाला ओला ब्रश लागला. गार.

मी गाल पुसला.

"सांगते," मी म्हटलं. "सांगते, गुरुनाथ. हे पोलिसांना सांगायला निघाले होते. चप्पल घातली होती पायात. मी दार अडवलं. मी म्हटलं, तो तर गेला, आता तुम्ही जेलात जाऊन तो उठणार आहे का? माझी पोरं रस्त्यावर येतील. डॉक्टर हार्ट म्हणतो ना, मग हार्टच. मी केलं ते. तुझ्या बायकोचा फोन आला, कसं झालं म्हणून विचारत होती. ह्यांच्या हातातला फोन मी घेतला. मी म्हटलं, मीनाक्षी, झोपेत गेला गं, काही त्रास झाला नाही त्याला."

श्वास पुरत नव्हता. एकेक शब्द ओढून काढत होते.

"गावी गेले की गुहागरला जाईन. तिच्या तोंडावर सांगेन. माझ्या पोराला सोड. आम्हा दोघांना ठेव हवं तर. पोराला सोड."

आवाज थांबला.

एकदम. कोणीतरी चावी फिरवून बंद करावा तसा.

किती वेळ गेला माहीत नाही. मग माझ्या पायाला वारा लागला. खारा. समुद्राचा.

खाली उजेडाचा एक चौकोन होता.

जिथे झैदने लाथा घातल्या होत्या, तिथे पत्रा नव्हता.

आधी हुसेनमियाँना ढकललं, झैदने बाहेरून ओढलं. मग मी. मी काही काडीची नव्हे, कमरेला अडकले, बुरखा फाटला. मागून ह्यांनी रेटलं. शेवटी हे आले.

मागच्या गल्लीत आम्ही भिंतीला टेकून पडलो. हुसेनमियाँ खोकत होते. खोकत होते म्हणजे जिवंत होते. मी झैदचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं.

मशिदीतून अजान येत होती. मी म्हटलं, असरची झाली वाटतं, तिसऱ्या प्रहरची.

"अम्मा, मगरिबची आहे, सूर्य बुडाला," झैद म्हणाला.

आम्हाला वाटलं होतं तास-दीड तास. चार तास गेले होते. मशीद कंटेनरापासून शंभर पावलांवर. असरची अजान आमच्यापैकी एकानेही ऐकली नव्हती.

मागे वळून त्या भोकाकडे कोणी पाहिलं नाही. सरळ घरी गेलो.

तीन दिवसांनी वर्कशॉपच्या मालकाने माल हलवायचं ठरवलं. किल्ली रफीकबरोबर गेलेली, म्हणून कुलूप कापायला लावलं. बाटले ओळखायला ह्यांना बोलावणं आलं. मी म्हटलं, एकटं नाही सोडायची. झैदही आला.

आधी आम्ही मागच्या गल्लीत गेलो.

भोक नव्हतं.

पत्रा जागच्या जागी होता.

हे जवळ गेले. बाहेरून ह्यांनी मारलेल्या वेल्डिंगची रेघ असायला हवी होती. नव्हती. जागा साफ, घासून काढल्यासारखी. ह्यांनी दोन्ही हातांनी पत्रा रेटला. पक्का.

मग आत गेलो. सगळ्या बाटल्यांवर टोप होते. आर्गॉनचा एकही नव्हता. झैदने टॉर्च खाली मारला.

रेघ आत होती. चारी बाजूंनी, न तुटता, बारीक, सुबक. जशी प्रत्येक बाईची शिवण वेगळी, तशी प्रत्येक वेल्डरची रेघ वेगळी असते. ह्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"ही माझी नाही."

"मग कोणाची?" मी विचारलं.

हे गुरुनाथने भिंतीला वेल्ड केलेल्या साखळीच्या कड्यांकडे बघत होते.

झैद म्हणाला, "अम्मा, आतून वेल्डिंग मारायचं तर माणूस आत लागतो." मग म्हणाला, "आणि दाराला तर बाहेरून कुलूप होतं."

मी दोघांचे हात धरले आणि बाहेर आले.

त्या महिन्यातच कंटेनर विकला. ट्रेलरवर चढवून राबिघच्या बाजूला नेला एवढं कळलं. पुढे कोणाच्या हाती गेला, अल्ला जाणे.

रफीकला बोटांचे ठसे घेऊन परत पाठवला. म्हसळ्याला भेटला तेव्हा माझे पाय धरून रडला. म्हणाला, "चाची, कसम घेतो, गाडीत बसल्या बसल्या मी पोलिसाला सांगितलं, आत माणसं आहेत. तो परत गेला. दारावर तीनदा थाप मारली. मी पाहिलं. आतून कोणी आवाज दिला नाही."

आम्हाला एकही थाप ऐकू आली नव्हती.

पुढच्या वर्षी आम्ही खलास करून, म्हणजे तिकडचं कायमचं आवरून, गावी आलो. आमचं गाव दाभोळ. खाडीपलीकडे धोपावे, तिथून गुहागर. फेरीबोटीने पाच-दहा मिनिटांचं पाणी.

मला ते ओलांडायला दहा वर्षं लागली.

आज पोरीचं लग्न, उद्या गुडघा दुखतो, परवा बोट बंद. कारणं माझ्याकडे कमी नव्हती. मागच्या हिवाळ्यात एकदाची गेले. ह्यांना चला म्हटलं, हे पाठ करून झोपले.

मीनाक्षीने दार उघडलं. केस पांढरे झालेले. मला कधी पाहिलं नव्हतं तरी म्हणाली, "तुम्ही साबिराभाभी ना? हे फोनवर तुमच्या सुकटीचं सांगायचे."

मी पाणीसुद्धा घेतलं नाही. पडवीत उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जाळी, पत्रा, माझा फोन, कंटेनर, टण् टण्, आतली रेघ. एक शब्द लपवला नाही. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. थप्पड मारेल. मी तयार होते. मला बरंच वाटलं असतं.

ती खांबाला धरून ऐकत होती. रडली नाही.

मग म्हणाली, "भाभी, तुम्ही चौघं बाहेर आलात."

"हो."

"मग… आमचे हे आले का बाहेर?"

मी पडवीतच खाली बसले.

शेवटची बोट चुकली त्या दिवशी. रात्री मीनाक्षीकडेच राहिले. तिने वाढलं, मी जेवले. तिने परत विचारलं नाही. पण पडवीचं दार तिने लावलं नाही. रात्रभर उघडं ठेवलं, आणि दिवा जळत ठेवला.

राबिघच्या बाजूला, सनाईयात, गॅसचे बाटले ठेवायला जुना कंटेनर घेतलेला कोणी हे वाचत असेल, तर त्याच्या खालच्या कोपऱ्यात चौकोनी पत्रा आहे का तेवढं बघा. असला तर कापून काढा. बाटले आधी बाहेर घ्या.

आणि कापताना आतून टण् आला तर घाबरू नका…

त्याला म्हणावं, मी मीनाक्षीला सांगून आले. तिचं दार उघडं आहे.